तळ्याभोवतीची सायकल

"अप्पा, पाय आत घ्या. चाकाला लागतील," सुलक्षणा म्हणाली.

अप्पांनी पाय आत घेतले, म्हणजे मी वाकून एकेक उचलला आणि आत ठेवला. अप्पा म्हणजे तिचे वडील, माझे यजमान. ते एका लाकडी खोक्यात बसले होते. पुढं दोन चाकं, त्यांच्यावर हे खोकं, मागं एक चाक आणि चालवणाऱ्याची सीट, अशी ती सायकल. त्या देशात लोक असल्या खोक्यातून पोरं शाळेत सोडतात, बाजार आणतात, कुत्री फिरवतात. आम्ही नवरा फिरवायला काढला होता.

"नीट बसलाय ना?" मी विचारलं.

"डालग्यात कोंबडी बसते तसा बसलोय," ते म्हणाले. "चला."

गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं, म्हणून चारचौघांत मीही डॉक्टरच म्हणायचे. गुरांचे डॉक्टर. शिरोळ तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी निम्मी नोकरी सायकलवर केली. कॅरियरला औषधांची पेटी बांधलेली, आणि कुणाची म्हैस अडली अशी हाक आली की जेवत्या ताटावरून उठून जायचे. पुढं मोटारसायकल आली, मग सरकारी जीप. निम्मा संसार मी त्यांच्या पाठीकडं बघत केला असं म्हटलं तरी चालेल.

निवृत्तीनंतर त्यांना कंपवात झाला. हात थरथरतो ते लोकांना दिसतं, पण खरा छळ पायांचा. चालता चालता पाय जमिनीला चिकटायचे. दाराचा उंबरा आला, फरशीचा रंग बदलला, समोरून कुणी आडवं आलं, की संपलं. अंग पुढं झुकायचं आणि पाय मागंच राहायचे. मग मी माझं पाऊल त्यांच्या पायांपुढं आडवं ठेवायचं आणि म्हणायचं, ओलांडा. कधी जमायचं, कधी नाही. मी प्राथमिक शाळेतली बाई, कवायत घेतलेली, म्हणून लेफ्ट-राइटही करून पाहिलं. तेही कधी चालायचं, कधी नाही. दोन वर्षं माझा हात त्यांच्या कोपराला होता. रात्री झोपेतसुद्धा तो आपोआप तिकडं जायचा.

सुलक्षणा नेदरलँड्समध्ये, उत्तरेच्या एका शहरात, पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. ख्रोनिंगन त्या शहराचं नाव. लिहितात ग्रोनिंगन, पण म्हणताना घशात भाताचं शीत अडकल्यासारखा आवाज काढावा लागतो. ती दोन वर्षं या या म्हणत होती. डॉक्टर तयार झाले ते एका अटीवर. विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसल्या बसल्या त्यांनी ती मला सांगितली.

"लेकीचं घर बघून येतो. परत आलं की मग मला कुठं न्यायचं नाही. दवाखान्यातही नाही. आपली खाट बरी."

"आणि खाटेवर काय करणार?"

"म्हैस बसती तशी बसणार. जनावरानं उठायचं मन सोडलं की मी मालकाला काय सांगायचो, तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. औषधावर पैसे घालू नका, असं सांगायचे. आमचे मिरजेचे मेंदूचे तज्ज्ञ मला बाजूला घेऊन म्हणाले होते की यांना हलतं ठेवा, एकदा खाट धरली की मग हातात काही राहणार नाही. म्हणजे डॉक्टरांनी काय ठरवलं होतं ते मला नीट कळलं होतं. मी वाद घातला नाही.

ख्रोनिंगनला आल्यावर ते आठवडाभर खिडकीत बसून राहिले. खाली रस्त्यावरून सायकली जायच्या. सकाळी नुसता पूर. शाळेची पोरं, कोटातले साहेब, केस पांढरे झालेल्या बायका. एकजण एका हातात शिडी धरून चालला होता. डॉक्टर बघत राहायचे आणि चहा गार व्हायचा. शनिवारी सुलक्षणा म्हणाली, "इथं शहर बघायचं तर सायकलवरूनच. आई, तुला एक भाड्यानं घेऊ. अप्पांना मी खोक्यातून नेते." मी डॉक्टरांकडं बघितलं. ते खिडकीबाहेरच बघत होते. खोक्याला नाही म्हणायलाही आतून जोर लागतो, तो नव्हता.

माझी सायकल लेडीज होती, मधला दांडा खाली वाकवलेला. साडीवर सायकल चालवत शाळेत गेलेली बाई मी, मला वाटलं, हे काय अवघड. बसल्यावर कळलं की हिच्या हँडलला ब्रेकच नाहीत.

"पायडल उलटं दाबायचं की थांबते," सुलक्षणा म्हणाली.

आपल्याकडं आपण उगीचच पायडल उलटं फिरवत असतो. सवयीनं मी तसं केलं आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली. मी हँडलवर आपटले. खोक्यातून डॉक्टर हसले. आठवडाभरात पहिल्यांदा.

मग आम्ही निघालो. मे महिना होता, ऊन कोवळं, झाडांना नवी पानं. कालव्याच्या कडेनं विटांचा रस्ता, पाण्यात लोकांची तरंगती घरं, त्यांच्या छपरांवर कुंड्या. जुन्या मनोऱ्याजवळ आम्ही थांबलो, फोटो काढले. सुलक्षणा माहिती सांगत होती, पण माझं लक्ष रस्त्यावरच्या माणसांकडं. तिथं दोघं दोघं जोडीनं सायकल चालवतात, गप्पा मारत. एक बाई तिच्या छोट्या मुलीच्या शेजारून चालली होती आणि तिचा तळवा मुलीच्या पाठीवर टेकलेला होता. ढकलत नव्हती. नुसता हात होता. मला ते फार आवडलं. म्हणून डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, "बघितलं मी. खोक्यातून सगळं दिसतंय."

कालव्यावरच्या एका पुलाजवळ कॉफीचं दुकान होतं, बाहेर टेबलं मांडलेली. आम्ही थांबलो. सुलक्षणा कॉफी आणायला आत गेली. मी माझी सायकल कठड्याला टेकवली आणि डॉक्टरांना खोक्यातून उतरवलं. ते उभे राहिले. टेबल चार पावलांवर. पण रस्ता विटांचा आणि टेबलांखाली राखाडी फरशी, त्यामुळं जिथं रंग बदलला तिथं पाय रुतले.

मी पाऊल आडवं ठेवलं. "ओलांडा."

"नाही जमत."

"लेफ्ट."

"अगं लोक बघतायत. राहू दे."

लोक बघत होते आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते, तिकडची माणसं त्या बाबतीत फार सज्जन. डॉक्टरांनी आधारासाठी हात लांबवला, तो माझ्या सायकलच्या हँडलवर पडला. मग म्हणाले, "ही धर जरा."

"कशाला?"

"बसतो."

"अहो, काहीतरीच काय."

"नुसता बसतो. खोक्यात अवघडून पाठ मोडली."

मला वाटलं, बसू दे. दांडा खालीच होता. मी त्यांचा पाय उचलून पलीकडं घातला, सायकल पेलून धरली. ते सीटवर टेकले. हात थरथरत होताच, पण हँडल धरल्यावर ते दिसेना. एक पाय पायडलवर, दुसऱ्याचा चवडा जमिनीवर. पुलाचा उतार पुढं होता.

"सोड," ते म्हणाले.

"काय सोडू?"

"कॅरियर सोड."

मी सोडलं नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांनी पायडल दाबलं आणि कॅरियर माझ्या बोटांतून निसटलं. उतारावरून सायकल चालू लागली, दोन्ही पाय फिरायला लागले, गोल, सारखे, जसे कधी अडलेच नव्हते. मी "अहो" म्हणून हाक मारली. उत्तर म्हणून घंटी वाजली. ते पूल उतरले आणि कालव्याच्या कडेनं वळले. पाठ ताठ होती. तेवढं मात्र मी उभ्या उभ्या बघितलं.

सुलक्षणा ट्रे घेऊन बाहेर आली.

"अप्पा कुठायत?"

"गेले."

"कुठं गेले?"

"ठाऊक नाही. सायकलवरून गेले."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू आता दोघांनाही दवाखान्यात दाखवायला न्यावं लागणार. मग कठड्याकडं बघितलं. तिथं सायकल नव्हती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, आणि म्हणाली, "आई, खोक्यात बस."

मी बसले. आयुष्यात फार ठिकाणी बसले, पण असं बसणं पहिलंच. जमीन अगदी जवळ, पुढं काही धरायला नाही, आणि मागून कुणीतरी आपल्याला नेतंय. ज्यानं नेलं त्यानं जपून नेलं तरी आपण सामानच. दोन मिनिटांत माझा जीव गुदमरला. डॉक्टर त्यात सकाळपासून बसले होते.

"दिसले का?" मागून सुलक्षणा विचारत होती. तिला धाप लागली होती.

"दिसले. त्या निळ्या घरापुढं. अगं, डाव्या बाजूनं चाललेत."

त्या देशात सगळं उजव्या बाजूनं चालतं. डॉक्टरांचा हात आणि नजर शिरोळ तालुक्याची. ते आपले डावी धरून निघाले होते, समोरून येणाऱ्यांच्या तोंडावर, आणि एकसारखी घंटी वाजवत होते. आपल्याकडं घंटी म्हणजे 'मी येतोय हो' एवढंच. तिथं घंटी वाजवणं म्हणजे समोरच्याला रागावणं, असं सुलक्षणानं मला आल्या आल्या सांगितलं होतं. त्यामुळं झालं काय, की इतक्या वयाचा गृहस्थ इतका रागावलाय म्हटल्यावर लोक भराभर बाजूला होत होते. एका तरुणानं तर त्यांची माफी मागितली, स्वतः बरोबर बाजूला असून. डॉक्टरांनी त्याला मान हलवून माफ केलेलं मी खोक्यातून बघितलं.

पुढं मोठा चौक आला. त्या शहरात काही चौकांत एक रीत आहे. मोटारींना सगळ्या बाजूंनी थांबवतात आणि सायकलींना चारही बाजूंनी एकदमच हिरवा देतात. मग कुणी सरळ, कुणी आडवं, कुणी चौक कोनाकोनी कापत, सगळे एकाच वेळी. थांबायचं कुणी नाही. एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं आणि वाट काढायची. सुलक्षणा म्हणायची, नवीन आले तेव्हा वर्षभर मी त्या चौकात उतरून सायकल हातात धरून जायचे.

तिथं हिरवा पडला आणि चारी बाजूंनी सायकली सुटल्या, आणि त्यांत आमचे डॉक्टर शिरले.

मी डोळे मिटणार होते. ज्या माणसाला फरशीचा रंग ओलांडता येत नव्हता, दारात कुणी आडवं आलं तर जो पुतळा व्हायचा, त्याच्या अंगावर चारी दिशांनी माणसं येत होती. आणि त्यांनी काय केलं, तर वेगसुद्धा कमी केला नाही. हँडल जरा इकडं केलं, एका मुलीला जाऊ दिलं. जरा तिकडं केलं, दोघांच्या मधून निघाले. एका टोपीवाल्याला हातानं 'चला, चला' केलं. घंटी चालूच. आमच्या जयसिंगपूरच्या सोमवारच्या बाजारात, हातगाड्या, म्हशी आणि माणसं चुकवत पेटी घेऊन जायचे ते असेच. बाकी सगळे तो चौक शिकून आले होते. डॉक्टरांना तो पाठच होता.

ते कोनाकोनी पलीकडं गेले आणि आमचा सिग्नल लाल झाला. सुलक्षणानं सायकल थांबवली.

"जा की," मी म्हटलं.

"आई, लाल आहे."

"तुझा बाप चाललाय."

"आई, लाल आहे. मोटारी सुटल्या."

तिथं थांबलो तेवढा वेळ मला कधी विसरता येणार नाही. ते दिसेनासे झाले होते. मला भीती वाटत होती, आणि नुसती ते पडतील याची नाही. ते कुठं निघालेत तेच मला कळत नव्हतं. खिशात पत्ता नाही, फोन नाही, भाषा नाही. आणि मनात कुठंतरी ते विमानतळावरचं बोलणं. माणसानं एकदा मन सोडलं की तो काय करील ते सांगता येत नाही. शहरभर पाणीच पाणी होतं. हा विचार मी सुलक्षणाला बोलून दाखवला नाही. पण तिचेही हात हँडलवर पांढरे पडले होते.

पलीकडं गेल्यावर कुत्रं घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईला सुलक्षणानं तिच्या भाषेत विचारलं. बाईनं बोटानं घंटी वाजवल्याची खूण केली, हसली आणि झाडांच्या दिशेनं हात दाखवला.

"बागेत गेलेत," सुलक्षणा म्हणाली.

ती मोठी बाग होती, पूर्वी शहराचा तट होता त्या जागेवर केलेली. मोटारींना आत बंदी. मध्यावर तळं, त्यात बदकं, आणि तळ्याच्या भोवतीनं वाट. आणि त्या वाटेवरून डॉक्टर चालले होते. शांतपणे, एका लयीत. आमच्या जैनांच्या बस्तीत, म्हणजे देवळात, देवाभोवती प्रदक्षिणा घालतात तसे, तळं उजव्या हाताला ठेवून. समोरून येणारी माणसं त्यांना वाट करून देत होती.

मी खोक्यातून कशी उतरले ते आठवत नाही. वाटेच्या कडेला जाऊन उभी राहिले. ते जवळ आले.

"अहो, थांबा."

"थांबता येईना," ते म्हणाले आणि पुढं गेले.

आता त्यांच्यामागं पळून उपयोग नव्हता. ते तळ्याला वळसा घालून परत येईपर्यंत मी उभी राहिले. सुलक्षणा धावत माझ्याजवळ आली. ते आले.

"ब्रेक दाबा," मी ओरडले.

"ब्रेक कुठाय हिला?"

गेले. मला एकदम सकाळचं आठवलं. पुन्हा आले.

"पायडल उलटं दाबा."

"ते कळलं मला. पण थांबल्यावर पाय खाली आला पाहिजे की. तो येत नाही. पडंन."

गेले. तेव्हा कुठं मला सगळं कळलं. ते फिरत नव्हते, अडकले होते. जमिनीवर पाय अडकायचे तसे आता हवेत अडकले होते. चालू होतं तोवर चालू, थांबलं की आडवे. सुलक्षणाही समजली. "आपण दोन्हीकडून धरू," ती म्हणाली. "तू हँडल धर, मी मागून." ती वाटेच्या पलीकडं जाऊन उभी राहिली.

ते येताना दिसले. चेहरा लाल झाला होता, केस विस्कटले होते. मला वाटलं होतं की घाबरलेले असतील. तसं काही दिसेना.

"अप्पा, हळू करा, आम्ही धरतोय," सुलक्षणा ओरडली.

ते माझ्याकडं बघत होते. "ही एक होऊ दे," ते म्हणाले.

मी पुढं केलेला हात मागं घेतला.

"आई, काय करतेस?"

"एक होऊ दे म्हणतायत."

"आई, त्यांना थांबता येत नाहीये."

"येत नाहीये. पण नकोही आहे."

ती एक फेरी झाली. पुढच्या खेपेला आम्ही दोघींनी त्यांना झेललं. मी हँडल धरलं, तिनं कॅरियर, आणि वजनानं तिघंही कडेच्या गवतावर धडपडत गेलो, पण पडलो नाही. त्यांचा पाय मी हातानं जमिनीवर ठेवला. दुसरा पलीकडून काढला. सुलक्षणानं सायकल झाडाला लावली.

आणि ते उभे राहिले ते तसेच. अंग पुढं झुकलेलं, पाय गवतात रुतलेले. बाकडं हाताच्या अंतरावर होतं. आत्ताच ज्यानं तो चौक कोनाकोनी कापला होता, त्याला त्या बाकड्यापर्यंत जाता येईना. मी पाऊल आडवं ठेवलं. ओलांडता आलं नाही. त्यांच्या तोंडावरचा लाल रंग माझ्यादेखत उतरत गेला. मला रडू आलं आणि मी रडले.

सुलक्षणाचा मात्र संतापानं आवाज कापत होता. "तुम्ही पडला असता तर? त्या चौकात? तळ्यात गेला असता तर? मी इथं बोलावलं तुम्हाला. मी काय तोंड दाखवलं असतं कुणाला? आणि तू, आई. तू त्यांना एक फेरी होऊ दे म्हणतेस. आता सायकलला हात लावायचा नाही अप्पांनी. मी घरी जाऊन व्हीलचेअर आणते. तोवर इथंच बसा."

तिचं काही चुकत नव्हतं. पोटची पोर होती, तिनं ओरडायलाच हवं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलंही नाही. ते आपल्या पायांकडं बघत होते, आठवडाभर खिडकीत बसून बघायचे त्याच नजरेनं. बसलेलं जनावर कसं दिसतं ते मी त्यांच्या नोकरीपायी पुष्कळ पाहिलंय. मला दिसत होतं की व्हीलचेअर येईल, त्यात ते बसतील, आणि मग जयसिंगपूरची खाट येईल.

"व्हीलचेअर नको," मी म्हटलं. "ती सायकल आण इकडं."

"आई, तुला कळतंय का? ते पडले असते."

"पडले असते तर उचललं असतं," मी म्हटलं. "घरी मी दुसरं काय करते? मोरीत पडतात, उंबऱ्यावर पडतात, खाटेवरून उठताना पडतात. प्रत्येक वेळी उचलते. मग ही एकच जागा अशी आहे की जिथं पडायच्या आधी ते एवढं हिंडून आले."

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे डॉक्टर सायकलवरून पडायची वाट कुणी बघत असेल तर त्यानं निवांत व्हावं. ते सायकलवरून कधीच पडले नाहीत. मिरजेच्या तज्ज्ञांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, काहींच्या बाबतीत असं दिसतं, चालणं जातं आणि सायकल राहते. परत आल्यावर मी एक लेडीज सायकल आणली. हायस्कूलच्या मैदानावर सकाळी मी एका टोकाला आणि शिपाई दुसऱ्या टोकाला उभे राहायचो. गाव हसलं, मग गावाला सवय झाली. वर्षभर चाललं. मग तेही गेलं, आणि पुढं दोन वर्षांनी ते आपल्या खाटेवरच गेले, झोपेत. पण ती खाट त्यांनी स्वतः होऊन धरली नाही. एवढं त्या दिवसानं आम्हाला दिलं.

तेव्हा बागेत मात्र यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. सुलक्षणानं नाक पुसलं, सायकल आणली. आम्ही दोघींनी त्यांना बसवलं.

"अगं, तिला नको असलं तर राहू दे," डॉक्टर म्हणाले.

"तिला झेलायचं काम आहे. तुम्ही हँडल सरळ धरा. आणि मागं बघू नका."

सुलक्षणा म्हणाली, "अप्पा, निदान उजव्या बाजूनं तरी चालवा."

"बरं," ते म्हणाले.

मी कॅरियर धरून ढकलू लागले, मग चालू लागले, मग या वयात चक्क पळू लागले. त्यांचे पाय गोल फिरायला लागले. हाताला कॅरियरचा ओढा जाणवला. या वेळी निसटलं नाही. मी सोडलं.

त्यांनी मागं बघितलं नाही.

सुलक्षणा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पहिल्या फेरीला ते नुसते आमच्या पुढून गेले. बदकं पाण्यात सरकली. दुसऱ्या फेरीला त्यांनी घंटी वाजवली. तिसऱ्या फेरीला मला वाटलं की दमले असतील.

"थांबवू का?" मी विचारलं.

ते पुढं निघून गेले. उत्तर वळसा घालून आलं.

"तू दमलीस?"

"मी कशाला दमतेय? नुसती तर उभी आहे."

पुन्हा ते तळ्यापलीकडं गेले. झाडांमागं दिसेनासे झाले, परत दिसले. चेहऱ्यावर लाली आली होती. आमच्याजवळ येता येता त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मग राहा की उभी," ते म्हणाले, आणि गेले.

मी राहिले उभी. दोन वर्षांत पहिल्यांदा माझे दोन्ही हात रिकामे होते आणि त्यांचं काय करायचं ते मला कळेना. शेवटी मी ते पदरात गुंडाळून घेतले आणि पुढच्या फेरीची वाट बघत राहिले.